कौटुंबिक न्यायालयासाठी वकील कसा शोधावा, कसा नेमावा

घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, घरातला छळ, यांपैकी कशासाठीही कोर्टाची पायरी चढायची वेळ आली की पहिला प्रश्न असतो, वकील कोण करायचा? त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं. मामा एक नाव सुचवतात, शेजारच्या काकू दुसरं, आणि जो पहिला फोन उचलेल त्याच्याकडे आपण जातो.

मी पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोट, पोटगी आणि मुलीचा ताबा असा खटला शेवटपर्यंत लढले आहे. तिथल्या बाकांवर पुकाऱ्याची वाट बघणाऱ्यांशी बोलताना एक गोष्ट सतत दिसायची. आज आपल्या केसमध्ये काय आहे, हे बहुतेकांना माहीतच नसायचं. "ते वकीलसाहेबांना माहीत," एवढंच उत्तर. म्हणून माझा निकष साधा आहे: वकील हुशार असावाच, पण तुमची केस तुम्हाला समजेल अशी सांगणारा असावा. खालच्या पायऱ्या याच निकषावर रचल्या आहेत. बरेचसे संदर्भ महाराष्ट्रातले आणि हिंदू विवाह कायद्यातले आहेत. विशेष विवाह कायद्याखाली, मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी कायद्याखाली लग्न झालं असेल तर पायऱ्या याच, पण त्या कायद्याखाली काम केलेला वकील शोधा.

१. आधी ठरवा, काय हवं आहे आणि ते कुठल्या कोर्टात मिळतं

वकिलाकडे जाण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढा: मला घटस्फोट हवा आहे का, की फक्त पोटगी? मुलं कोणाकडे आहेत? राहायला घर आहे का? दागिने कोणाकडे आहेत? जिवाला धोका आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर वकील शोधत बसू नका. आधी पोलीस किंवा १८१ ही महिला हेल्पलाइन, वकील नंतर.

घटस्फोट, मुलांचा ताबा, नांदायला जाण्याचा अर्ज, पोटगी ही कामं कौटुंबिक न्यायालयात चालतात. जिथे असं न्यायालय नाही, तिथे घटस्फोटाचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जातो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. नवरा किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं, ज्याला आपण अजूनही "४९८ अ" म्हणतो, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ झालं आहे आणि तो फौजदारी मामला आहे. पोटगीचं जुनं कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. नवे-जुने दोन्ही आकडे माहीत असू द्या, कारण कोर्टाच्या आवारात अजून दोन्ही ऐकू येतात.

आता महत्त्वाचं, कुठल्या गावात? हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न जिथे लागलं, समोरची व्यक्ती जिथे राहते, किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला ती सध्या राहते त्या ठिकाणीही अर्ज करता येतो. म्हणजे सासर मुंबईचं आणि तुम्ही साताऱ्याला माहेरी असाल, तर साताऱ्यात अर्ज करू शकता आणि वकीलही साताऱ्याचाच करा. मोठ्या शहराचा नामांकित वकील तालुक्याच्या तारखेला बहुतेक वेळा कनिष्ठाला पाठवतो आणि प्रवासाचे पैसे वेगळे लावतो. मुलांच्या पालकत्वाचा अर्ज मात्र मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्याच कोर्टात जातो.

लग्नाला वर्ष झालेलं नसेल तर घटस्फोटाचा अर्ज सहसा घेतला जात नाही. अपवाद अगदी असह्य त्रासाचे. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज केल्यावर पुन्हा सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हे सहा महिने काही अटी पूर्ण होत असतील तर माफ होऊ शकतात. एवढं डोक्यात ठेवलंत तर "पंधरा दिवसांत घटस्फोट" म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करता येईल.

२. तुम्हाला समन्स आलं असेल तर

समन्स घ्या. "घेतलंच नाही तर केस चालणार नाही" हा सल्ला घराघरांत दिला जातो आणि त्याने माणसं बुडतात. तुम्ही हजर झाला नाहीत तर प्रकरण एकतर्फी चालतं. समन्सवरची तारीख, कोर्टाचं नाव आणि प्रकरणाचा क्रमांक पाहा, सोबत अर्जाची प्रत आहे का ते बघा, आणि त्या तारखेच्या आधी वकील नेमा. वकील ठरला नसेल तर स्वतः हजर राहून वकील नेमायला मुदत मागा, कोर्ट ती सहसा देतं. लेखी कैफियत, म्हणजे त्या अर्जाला तुमचं लेखी उत्तर, द्यायला साधारण ३० दिवस असतात आणि न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. तोंडी आश्वासनांवर हे दिवस घालवू नका.

३. मोफत वकिलाचा हक्क आहे का, ते पाहा

ही पायरी लोक सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला आणि बालकाला मोफत वकील मिळतो. स्त्रीचं उत्पन्न किती आहे हे त्यासाठी पाहिलं जात नाही. नोकरी करणाऱ्या बाईलाही मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतल्या व्यक्ती यांनाही मिळतो. बाकीच्या पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा लागू होते.

अर्ज करायचा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१००. साधा अर्ज, ओळखपत्र आणि प्रकरणाची थोडक्यात माहिती लागते.

मोफत वकील म्हणजे कमी दर्जाचा, असं लोक सहज बोलून जातात. मला ते पटत नाही. प्राधिकरणाच्या यादीतल्या काही वकील बाई पोटगीच्या कामात इतक्या तयार आहेत की खासगी वकील त्यांना विचारायला येताना मी पाहिलं आहे. काम बरोबर होत नसेल तर प्राधिकरणाकडे वकील बदलून मागता येतो. तुमच्या बाजूने मोफत लढणाऱ्या वकिलाने तुमच्याकडे वरखर्चाच्या नावाखाली पैसे मागितले, तर ते थेट प्राधिकरणाच्या सचिवांना सांगा.

४. नावं कुठून मिळवायची

तीन-चार नावं जमवा, एकावर थांबू नका. सर्वांत चांगली माहिती मिळते ती ज्यांची केस त्याच कोर्टात नुकतीच संपली आहे अशांकडून. "जिंकलात का?" असं विचारू नका. "वकील तारखेला यायचे का, फोन उचलायचे का, कागद दाखवायचे का?" असं विचारा.

स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांना कुठल्या कोर्टात कोण मनापासून काम करतं हे ठाऊक असतं. मुंबईत मजलिस, पुण्यात नारी समता मंच अशा संस्था वर्षानुवर्षं हे काम करत आहेत. पोलीस ठाण्यांशी जोडलेला महिला व मुलांसाठीचा विशेष साहाय्य कक्ष १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला आणि पुढे राज्यभर पोहोचला. तिथल्या समाजसेविकांशी नक्की बोला.

भारतात वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे "शहरातले पहिल्या दहातले घटस्फोट वकील" अशा याद्या किंवा कोर्टाच्या फाटकाशी "मॅडम, काम आहे का" म्हणत येणारे लोक यांच्यावर वकील निवडू नका. ते मधले दलाल असतात आणि त्यांचा हिस्सा तुमच्याच फीमधून जातो.

आणखी एक: जागेचे व्यवहार बघणारे घरचे जुने वकील कितीही विश्वासाचे असले, तरी ताब्याच्या केसला नको. त्यांच्याकडून नाव घ्या, काम कौटुंबिक न्यायालयात रोज उभं राहणाऱ्याला द्या.

५. नाव तपासून घ्या

वकिलाला सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, राज्याच्या बार कौन्सिलकडून मिळते. आपल्याकडे ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. सनदीच्या क्रमांकाच्या शेवटी वर्ष असतं, त्यावरून सनद कधीची हे कळतं. क्रमांक विचारायला लाजू नका, वकिलाला तुमच्या वतीने उभं राहण्याचा अधिकार देणारं जे वकीलपत्र तुम्ही सही करता, त्यावर तो लिहावाच लागतो.

मग न्यायालयातल्या प्रकरणांची माहिती देणाऱ्या ईकोर्ट्स सेवांच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा ॲपवर जाऊन तुमचा जिल्हा आणि कोर्ट निवडा आणि वकिलाच्या नावाने शोधा. त्या कोर्टात त्यांची प्रकरणं आहेत की नाहीत, हे समोर येतं. खूप प्रकरणं म्हणजे चांगला वकील असं नाही. पण "मी इथे रोज असतो" म्हणणाऱ्याच्या नावावर तिथे काहीच दिसत नसेल, तर पुढचं नाव बघा.

६. पहिल्या भेटीला काय न्यायचं

सगळ्याच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद पहिल्या भेटीत कोणालाही देऊ नका.

- लग्नपत्रिका, लग्नाचे एक-दोन फोटो, विवाह नोंदणी दाखला असेल तर तो
- दोघांची ओळखपत्रं आणि पत्त्याचे पुरावे, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या फीच्या पावत्या
- तुमच्या पगाराच्या चिठ्ठ्या, आयकर विवरणपत्रं, बँकेचे खातेउतारे
- समोरच्याच्या उत्पन्नाबद्दल जे काही हाती आहे ते: कंपनीचं नाव, हुद्दा, गाडी, सातबारा, सदनिकेचे कागद
- दागिन्यांच्या पावत्या आणि अंगावर दागिने दिसतात असे लग्नातले फोटो
- दवाखान्याचे कागद, पोलिसांत दिलेल्या तक्रारींच्या प्रती
- आधी आलेल्या नोटिसा, समन्स

यासोबत तारीखवार टिपण लिहून न्या: लग्न कधी झालं, कुठे राहिलो, भांडण कधी सुरू झालं, वेगळे कधी झालो. दोन पानं पुरतात. वकिलाचा वेळ वाचतो आणि रडत-रडत सांगताना जे राहून जातं ते कागदावर राहतं.

उत्पन्नाच्या कागदांना इतकं महत्त्व का, तर सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. ते प्रतिज्ञापत्र लांबलचक असतं आणि अंतरिम पोटगी, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगी, बरीचशी त्यावरच ठरते.

मोबाइलवरचे संदेश आणि रेकॉर्डिंग पुसू नका, फोन बदलू नका. असा पुरावा दाखल करताना नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर भागत नाही.

७. पहिल्या भेटीत काय विचारायचं, काय ऐकायचं

भेटीला सोबत एकच शांत माणूस न्या. आई, मामा, मावशी, वहिनी सगळे गेले की वकील त्यांच्याशीच बोलतो.

हे प्रश्न विचारा. तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की तुमचे ज्युनियर? उलटतपासणी कोण घेणार? सगळ्यांत आधी कोणता अर्ज टाकाल आणि का? अंतरिम पोटगीचा अर्ज मूळ अर्जासोबतच टाकणार का? (असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, म्हणूनच तो पहिल्याच दिवशी टाकायचा.) समोरची बाजू काय म्हणेल? माझ्या केसमध्ये कच्चं काय आहे? तुम्ही किंवा तुमच्या कार्यालयाने माझ्या नवऱ्याचं, बायकोचं किंवा त्यांच्या घरच्यांचं काम कधी केलं आहे का?

"कच्चं काय आहे" या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. जो वकील तुमचे कागद चाळून "इथे आपल्याला त्रास होईल" असं बोट ठेवून सांगतो, तो कामाचा. जो कागद न उघडताच "शंभर टक्के आपलंच" म्हणतो, त्याच्याकडून उठून या. "साहेब आपल्या ओळखीचे आहेत" असं न्यायाधीशांबद्दल बोलणाऱ्याकडूनही.

त्याहून मोठा सापळा म्हणजे खोटं लिहायला सांगणारा वकील. बायकांना सांगतात, "नणंद, दीर, आजेसासू, सगळ्यांची नावं टाका, दबाव येतो." पुरुषांना सांगतात, "नोकरी सोडल्याचं दाखवा, पगार कमी लिहा." दोन्ही सल्ले उलटतात. खोटी नावं उलटतपासणीत गळतात आणि सोबत तुमचा खरा त्रासही संशयात येतो. आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तुमच्या बाजूने मात्र वकिलाला सगळं खरं सांगा, लाज वाटेल ते सुद्धा. तुम्ही वकिलाला सांगितलेलं तुमच्या संमतीशिवाय त्यांना बाहेर सांगता येत नाही, कायद्याचंच ते संरक्षण आहे. समोरच्या वकिलाने भर कोर्टात पहिल्यांदा काढलेली गोष्ट सगळ्यांत महागात पडते.

संमतीने घटस्फोट घेत असाल तर "दोघांना मिळून एकच वकील, खर्च वाचेल" असं सुचवलं जातं. अर्ज एकाने लिहिला तरी तडजोडीच्या अटी तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या. मुलांचा ताबा, भेटीचे दिवस, शिक्षणाचा खर्च, दागिने, घराचं कर्ज, प्रत्येक गोष्ट तारखेसकट लिहिलेली हवी.

८. फीचं बोलणं स्पष्ट करा

फी तीन तऱ्हांनी ठरते: पूर्ण कामाची ठोक, टप्प्याटप्प्याने, किंवा तारखेप्रमाणे. मला टप्प्याची बरी वाटते, कारण काम पुढे सरकलं तरच पैसे जातात. तारखेप्रमाणे ठरवलंत तर नुसती पुढची तारीख पडली त्या दिवसाचेही पैसे द्यायचे का, हे आधीच विचारा.

फीमध्ये काय येतं आणि काय येत नाही, हे लिहून घ्या. अंतरिम अर्ज, हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज, उच्च न्यायालयातली याचिका ही सहसा वेगळी धरतात. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, तिकिटं हा किरकोळ खर्चही साचत जातो. वकील लेखी देत नसतील तर घरी आल्यावर तुम्हीच एक नम्र संदेश पाठवा: "सर, आज ठरल्याप्रमाणे एवढी फी, एवढ्या हप्त्यांत, त्यात अमुक अमुक काम." उत्तर आलं की तोच तुमचा कागद. पैसे शक्यतो खात्यावरून द्या, रोख दिलेत तर पावती घ्या.

मिळणाऱ्या पोटगीचा किंवा रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. कोणी "दहा टक्के द्या" म्हणालं तर नकार द्या. तसंच, महाराष्ट्रात १९९४ च्या शासकीय अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. तेव्हा बाईकडे कोर्ट फीच्या नावाने मोठी रक्कम मागितली गेली तर ती कशाची, हे विचारा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगीबरोबर खटल्याचा खर्चही मागता येतो. अर्जात ती मागणी आहे ना, ते बघा.

९. वकीलपत्र वाचून सही करा

वकीलपत्राचा छापील नमुना असतो आणि त्यात बारीक अक्षरांत बरंच काही असतं: तडजोड करणं, दावा काढून घेणं, तुमच्या वतीने पैसे स्वीकारणं. हे अधिकार द्यायचे नसतील तर त्या ओळी खोडून शेजारी सही करा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर, रिकाम्या प्रतिज्ञापत्रावर सही करू नका. "पुढच्या वेळी यायला नको म्हणून" अशा कोऱ्या सह्या मागितल्या जातात. यायला लागलं तर या.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे या कोर्टात वकील उभा करणं हा आपोआप मिळणारा हक्क नाही. त्यासाठी परवानगीचा अर्ज द्यावा लागतो, आणि तो वकीलच देतात. पण त्यामागचा अर्थ लक्षात घ्या. इथे न्यायाधीश तुम्हाला थेट प्रश्न विचारू शकतात आणि विवाह समुपदेशकांसमोर तुम्हालाच बसायचं असतं. म्हणून तिथे जाण्याआधी वकिलाकडून समजून घ्या की काय बोलणं होईल आणि घाईने काय कबूल करायचं नाही.

१०. नेमल्यानंतर लक्ष ठेवा

दाखल होणारा प्रत्येक कागद आधी वाचा. आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. इंग्रजी मसुदा समजत नसेल तर मराठीत द्या म्हणा, किंवा ओळ न् ओळ समजावून घ्या. प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते आणि उलटतपासणीत प्रश्नही तुम्हालाच येतात.

प्रकरण दाखल झालं की सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक मागून घ्या. तो ईकोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि टप्पा घरबसल्या दिसतो. प्रत्येक तारखेनंतर वहीत एक ओळ लिहा: आज काय झालं, पुढे काय. वकिलाला रोज फोन करू नका, आठवड्याचे प्रश्न एकत्र करून विचारा. चांगल्या वकिलांचा वेळही जपायला हवा.

११. परदेशात किंवा गोव्यात असाल तर

परदेशातून केस चालवायची तर इथल्या विश्वासू नातेवाइकाच्या नावे मुखत्यारपत्र लागतं. ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर करून, भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. हे तीन महिने चुकतात आणि मग पुन्हा सगळी धावपळ. तिकडच्या कोर्टाने दिलेला घटस्फोट इथे आपोआप चालतोच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्याच्या कसोट्या सांगितल्या आहेत, आणि तुमचा वकील त्या जाणणारा हवा. तिकडे तुमच्यावर केस झाली असेल तर तिकडचा वकील वेगळा करावाच लागेल.

गोव्यात लग्नाची नोंद झालेल्यांना पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा लागू होतो. वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. कोल्हापूरचा किंवा सावंतवाडीचा वकील कितीही चांगला असला, तरी या कामाला गोव्यातलाच वकील घ्या.

१२. वकील बदलायचा झाला तर

तो तुमचा हक्क आहे. आधीच्या वकिलांकडून वकीलपत्रावर "ना हरकत" घ्यायची पद्धत आहे. ती मिळत नसेल तर न्यायालयाकडे परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं आहे. फीचा वाद वेगळा, कागद वेगळे. गंभीर गैरवर्तन असेल तर १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक मंचात मात्र जाता येत नाही, तसा निकाल २०२४ मध्ये आला आहे.

उलटतपासणीच्या तोंडावर वकील बदलणं टाळा. नव्या वकिलाला फाइल वाचायला वेळ लागतो आणि कोर्ट तेवढी मुदत देईलच असं नाही.

निकाल लागला की त्याच दिवशी प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. अपिलाची मुदत कुटुंब न्यायालय कायद्यात ३० दिवस आणि हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस सांगितली आहे. तुम्ही ३० धरूनच चाला. मूळ कागद, दागिन्यांच्या पावत्या, मुलांचे दाखले मोजून परत घ्या आणि पोच लिहून द्या. निकालाच्या चार-पाच प्रमाणित प्रती काढून ठेवा. पासपोर्ट, शाळा, बँक, पुढचं लग्न, सगळीकडे तीच प्रत मागतात.